पाचव्या पंचाची सही

आमच्या इंदापूर तालुक्यात पूर्वी सोयरीक जमवताना मुलाकडच्यांना विचारत, बागायत किती, दुभती जनावरं किती आणि दावे किती. ज्या घरात एकही दावा नाही तिथं मुलगी द्यायला लोक कचरत. भांडायलासुद्धा काही नाही म्हणजे घरात आहे तरी काय! मी बारामतीला वकिली करत होतो, तेव्हा बांधावरच्या एका बाभळीचा दावा माझ्या सिनियरकडून वारशानं माझ्याकडे आला. निकाल लागला तोवर त्या बाभळीचा नांगर झाला होता, नांगराचं जळण झालं होतं, आणि त्या जळणावर ज्या म्हाताऱ्याच्या तेराव्याचा स्वयंपाक शिजला, तोच मूळ वादी होता. थोडं वाढवून सांगतोय, मला कळतंय. पण थोडंच.

म्हणून शहाण्णव साली लवादाचा आणि समेटाचा नवा कायदा आला, तेव्हा आम्हा वकिलांच्या पोटात गोळा आला आणि पक्षकारांच्या तोंडाला पाणी सुटलं. जुन्या कायद्यात एक गंमत होती. कोर्टात जायला नको म्हणून माणसं पंचांकडे जायची. पंच निवाडा द्यायचे. मग तो निवाडा पक्का करायला पुन्हा कोर्टातच आणावा लागायचा, तिथं समोरचा हरकत घ्यायचा, आणि ज्या चिखलाला वळसा घालून आलो त्याच चिखलात माणूस गुडघ्यापर्यंत रुतायचा. नवा कायदा म्हणाला, झालं ते पुरे. पंचांनी लेखी दिलेला निवाडा हाच कोर्टाच्या हुकमासारखा.

हे समजावून सांगायला इंदापूरला बाजार समितीच्या सभागृहात एक शिबिर झालं. पुण्याहून एक विद्वान वकील आले होते. गर्दी एवढी की म्हशींचा बाजार त्या दिवशी रिकामा पडला. पाहुण्यांनी कायदा फार छान सांगितला, आणि सणसरच्या बाजूच्या एका वस्तीवरचे एक तात्या उभे राहिले. डोक्याला पांढरा पटका, खांद्यावर घोंगडं. आयुष्यभर पंच म्हणून बसलेला माणूस.

"म्हंजी सायेब, आमी बसून जे बांधलं त्ये सरकारनं मानलं?"

"मानलं."

"मग येवढी वर्सं सरकार काय करत हुतं?"

सभागृह हसलं. पाहुणेही हसले. मग त्यांनी अटी सांगितल्या. निवाडा लेखी पाहिजे, त्यावर पंचांच्या सह्या पाहिजेत, आणि पंचांची संख्या समसंख्या नको. एक, तीन, पाच, कितीही. दोन किंवा चार नको, कारण निम्मे इकडे आणि निम्मे तिकडे झाले तर गाडं अडतं.

"मग काय अडचन न्हाय," तात्या खाली बसता बसता म्हणाले. "आमचं पयल्यापास्नं पाचच असत्यात."

टाळ्या पडल्या. ते पाच कोण, हे कुणीच विचारलं नाही.

त्या वस्तीवरची माणसं मूळची मेंढरं राखणारी. आजोबा-पणजोबा पावसाळा सरला की कळप घेऊन घाटाखाली कोकणात उतरायचे. कालव्याचं पाणी आलं तसे एकेक जण थांबले, मेंढरं विकून त्यांनी विहिरी पाडल्या, ऊस लावला. पण बसण्याची रीत कळपाबरोबरची राहिली. मेंढरांच्या वाडग्यात भांडण झालं की दोन्ही बाजूंचे दोन-दोन जाणते घोंगड्यावर बसायचे. पाचवं घोंगडं चौघडी घालून मधे ठेवायचं, त्यावर बिरोबाचा भंडारा वाहायचा. त्या घडीवर कुणी बसायचं नाही, कुणी तिच्याकडे पाठ करायची नाही. बोलायचं ते तिच्याकडे बघून. चौघांचं जमलं तर ठीक. दोन-दोन झाले तर उठून देवळात जायचं, देवाच्या दोन्ही खांद्यांवर फूल लावायचं, आणि कौल घ्यायचा. उजवं पडलं तर अमक्याचं, डावं पडलं तर तमक्याचं. तो पाचव्या पंचाचा शब्द. त्याच्यावर कुणी ब्र काढत नसे. पाच पंच म्हणजे असे पाच.

शिबिराला वर्ष व्हायच्या आत तिथली एक बाई माझ्या बारामतीच्या ऑफिसात आली. वय पन्नाशीपुढचं, कपाळ मोकळं, नऊवारी कडक धुतलेली. तिच्या नवऱ्यानं आणि धाकट्या दिरानं मिळून एक विहीर पाडली होती. सामाईक विहीर, त्यावर एक विजेची मोटार, दोन बाजूंना दोन पाइप. नवरा गेला. एकुलती मुलगी पणदऱ्याला दिलेली. बाईच्या वाट्याच्या रानात मका, चाऱ्याचं कडवळ, दारात दोन गाई. आणि मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीला दिराच्या मुलानं कुलूप घातलं होतं.

आता तुम्हाला वाटेल, पुतण्या खलनायक. तसं नव्हतं. असता तर माझं काम किती सोपं झालं असतं! तो साखर कारखान्यावर शेतकी खात्यात कामाला होता, तोंडानं गोड होता, चुलतीला "थोरली आई" म्हणायचा. पाणी नाही असं त्यानं कधी म्हटलं नाही. "थोरल्या आई, तुला लागंल तेवढं दिऊ की," एवढंच म्हणायचा. आणि द्यायचाही. फक्त दर वेळी त्याच्या दारात जाऊन उभं राहावं लागायचं.

"मागितलं की मिळतंय," बाई म्हणाली. "पर मागावं लागतंय. माजा मालक दोर धरून त्या हिरीत उतरायचा, सुरुंग भरायचा. वर येईतवर म्या काठावर जीव मुठीत धरून बसायची. तितलं पानी म्या मागून घिऊ? आन उद्या माजं डोळं मिटल्यावर माज्या लेकीनं कुनाकडं मागावं?"

दीर स्वतः भला माणूस. तोच त्या शिबिरात उभा राहिलेला तात्या. त्यानंच मुलाला दटावून पंच बसवले होते. शिबिरातून घरी आल्यापासून त्याला नव्या कायद्याची हौस आली होती, म्हणून सगळं नव्या रीतीनं केलं. आधी त्यानं आणि भावजयीनं स्टॅम्पवर लिहून दिलं की पंच देतील तो निवाडा मान्य. मग पंच बसले, बोलले, आणि दोन-दोनांवर अडले. दोघं म्हणाले बाईला निम्मी पाळी द्या, दोघं म्हणाले बाईमाणसाला लागेल तसं पाणी द्या, पाळी कशाला. मग कौल लावला. मी तिथं नव्हतो, पण नंतर इतक्या जणांनी सांगितलं की ते फूल मीच पडताना पाहिल्यासारखं वाटतं. कुणी म्हणतं देवळाच्या पायरीपर्यंत उडालं, कुणी म्हणतं पडताना आवाज झाला. एवढ्या बाबतीत वस्तीवरची माणसं माझ्यापेक्षा पुढची होती. खरं एवढंच की उजवं पडलं. बाईला निम्मी पाळी. सोमवार ते बुधवार तिची, गुरुवार ते शनिवार त्यांची, रविवार देवाचा, मोटार बंद.

बाईनं तो निवाडा माझ्यापुढे ठेवला. दस्त लिहिणाऱ्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "पाच पंचांपैकी तीन पंचांच्या मताने." खाली चार अंगठे. आणि पाचव्या जागी पिवळाधमक एक ठसा.

"ही पाचवी सही कुणाची?" मी विचारलं.

"देवाची."

"देवानं केली?"

"त्यो कशाला करंल? त्याच्यावतीनं भगतानं भंडारा लावला."

मी हसलो नाही. हसावंसं फार वाटलं, पण समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर हसण्याची जागाच नव्हती. तिच्या दुसऱ्या हातात कोर्टाची नोटीस होती. दिराच्या मुलानं, कारखान्याच्या कुणा जाणत्याच्या सल्ल्यानं, मुदत संपायच्या आत बापाला धड न सांगता त्याचा अंगठा घेऊन निवाडा रद्द करण्याचा अर्ज जिल्हा कोर्टात टाकला होता. पंच चारच होते, संख्या सम होती, बहुमत झालंच नाही, सबब निवाडा बेकायदेशीर.

"वकीलसायेब, सरळ सांगा. माजं पानी जाईल का?"

मी आयुष्यात पक्षकारांना पुष्कळ थापा मारल्या. तिला मारता आली नाही. म्हटलं, "लढू."

आणि लढलो, महाराज! असा युक्तिवाद केला की कोर्टाच्या छतावरची कबुतरं ऐकायला खाली उतरली. (एक उतरलं. बाकीची घुटमळत होती.) मी म्हटलं, आपल्या कायद्यात देव ही व्यक्ती आहे. देवाच्या नावावर जमीन असते, सातबाऱ्यावर देवाचं नाव लागतं, देव दावा लावतो, देवावर दावा लागतो. जो देव वादी होऊ शकतो आणि प्रतिवादी होऊ शकतो, तो पंच का होऊ शकत नाही? दोन्ही पक्षकारांनी त्याला राजीखुशीनं पंच नेमलं. चार अधिक एक पाच. पाच ही विषम संख्या आहे, याबद्दल तरी विद्वान मित्रांची हरकत नसावी.

न्यायाधीश पोक्त गृहस्थ होते. त्यांनी निवाडा उचलून खिडकीच्या उजेडात धरला, भंडाऱ्याचा ठसा पाहिला.

"वकीलसाहेब, ही सही देवाची की पुजाऱ्याची?"

"पुजाऱ्यानं देवाच्या वतीनं केलेली, साहेब."

"पंचाला आपलं काम दुसऱ्याकडं सोपवता येत नाही."

"तो सर्वव्यापी आहे, साहेब. भगताच्या बोटातही असणार."

"मग उरलेल्या चौघांतही असेल. म्हणजे पंच एकच झाला." कोर्ट हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. "हे बघा, मला तुमची थट्टा करायची नाही. माझ्या घरीही देव्हारा आहे. पण कायद्यानं पंच पक्षकाराचं म्हणणं ऐकतो, विचार करतो आणि कारणं देतो. फुलानं कारणं दिली का?"

माझ्याकडे एक शेवटचा पत्ता राहिला होता. तात्याचा जबाब. अर्जावर अंगठा तात्याचा होता, म्हणून मी त्यालाच पिंजऱ्यात बोलवायची परवानगी मागितली. हिशोब साधा होता. वस्तीवर पिढ्यान्‌पिढ्या ज्याला पाचवा पंच म्हटलं, त्या देवाला तात्यासारखा जन्माचा पंच भर कोर्टात नाही म्हणणार नाही. "पाच" म्हणेल, आणि अर्जदारच स्वतःच्या अर्जाविरुद्ध बोलला, म्हणजे अर्ज आडवा.

तात्या पिंजऱ्यात चढला. पटका सारखा केला. ईश्वराला स्मरून शपथ घेतली, तीही अशी सावकाश की एकेक शब्द तोलून ठेवावा. मागच्या बाकावर त्याची भावजय बसली होती, दुसऱ्या टोकाला मुलगा.

"तात्या," मी विचारलं, "त्या दिवशी पंच किती बसले होते?"

त्यानं भावजयीकडं पाहिलं. मग मुलाकडं. मग खाली, स्वतःच्या हाताकडं.

"चार मानसं बसली हुती."

मी घाईनं विचारलं, "आणि पाचव्या घडीवर?"

"घडीवर भंडारा हुता."

"देव नव्हता?"

"वकीलसायेब, देव कवा नस्तो?" म्हातारा शांतपणे म्हणाला. "पर तुमी बसलेली किती इचारलं. आत्ताच त्याच्या नावानं शपत घेतली म्या. त्याचंच नाव घिऊन त्याच्यापायी खोटं बोलू व्हय? बसली ती चार."

  मी पुढं काही विचारलं नाही. खरं बोलणाऱ्या माणसाची उलटतपासणी कशी घ्यायची, हे मला कुठल्या सिनियरनं शिकवलं नव्हतं.

निवाडा रद्द झाला.

बाहेर आवारात चहाच्या गाडीपाशी आम्ही उभे होतो. तात्या हळूहळू चालत आला आणि भावजयीपासून हातभर लांब थांबला.

"वैनी, जिवाला लावून घिऊ नगा. कोर्टानं कागद मोडला. कौल न्हाय मोडला. तुमची पाळी हाय तशीच ऱ्हाईल. सोमवार ते बुधवार. म्या हाय."

मला वाटलं, संपलं. हरूनही जिंकलो. एवढं सोपं असतं तर मी हे लिहायलाच बसलो नसतो.

बाई बोलली ती त्याच्याकडे न बघता. "भावजी, तुमी हाय तवर हाय. तुमच्या मागं?"

"माजं पोरगं काय वैरी हाय का तुमचं?"

"न्हाय. ग्वाड हाय. आदी त्याच्या दारात मागत हुते, आता तुमच्या देवाच्या भ्यावावर मागू? माजं असंल तर घेईन. न्हायतर नगं."

आणि त्या बाईनं पाणी घेणं सोडलं.

सोमवार आला, तिनं मोटारीकडे पाहिलं नाही. मंगळवार, बुधवार तसेच. मक्याची पानं वळली, मग पिवळी पडली. गाईंना ती कालव्याच्या कडेचं गवत कापून आणायची. आणि इकडे तात्यानंही हट्ट धरला. कौलाप्रमाणे ते दिवस वहिनीचे, तिनं पाणी घेतलं नाही म्हणून आपण कसं घ्यायचं? मुलगा मोटार चालू करायला गेला की म्हातारा स्टार्टरच्या पेटीसमोर बसायचा. पुढं पुढं तर म्हातारा आपल्या दिवशीही मोटार लावू देईना. म्हणायचा, तिच्या मक्याच्या डोळ्यांदेखत उसाला पानी कसं सोडू? ऐन उन्हाळा. आजूबाजूच्या विहिरी तळ दाखवत होत्या आणि या विहिरीला कालव्याचा पाझर, उपसा बंद, म्हणून ती भरत चालली. मी पाहायला गेलो तेव्हा काठावर बसून हात धुता येत होते. लोक लांबून बघायला यायचे. एकानं मला शपथेवर सांगितलं की बेडूक कंटाळून काठावर येऊन बसलेत. दोन भावांनी पाडलेली काठोकाठ विहीर, आणि तिच्या दोन्ही अंगांना जळत चाललेली दोन रानं. असली शिक्षा कुठल्या कोर्टानं कुणाला दिलेली मी पाहिली नाही.

शेवटी मुलगा माझ्या ऑफिसात आला. विरुद्ध बाजूचा पक्षकार, म्हणून मी त्याच्या वकिलालाही बोलावून घेतलं. त्याच्याबरोबर त्याची बायको होती, कडेवर एक मुलगी. ती दाराशीच टेकली.

"सायेब, म्हाताऱ्याला सांगा काय तरी," मुलगा रडकुंडीला आला होता. "ऊस वाळतोय माजा. कोर्टात जितलो म्या, आन वस्तीवर मला मानसं अशी बघत्यात जनू मीच देवाचं फूल चोरलं."

"तात्यांना सांगून काय होणार? थोरल्या आईला काय पाहिजे ते तुम्हाला माहीत आहे."

"पंच बसवायचं पुन्यांदा?"

"पंच नको," त्याचा वकील म्हणाला. शहाणा माणूस होता. "याच कायद्यात दुसरा भाग आहे, समेटाचा. त्यात कुणी निकाल देत नाही. मधे एक माणूस बसतो, दोघांना बोलतं करतो. पटलं तर सह्या तुम्ही स्वतः करायच्या. तो कागद निवाड्याइतकाच पक्का. आणि तुम्ही वारस, तुमचीही सही लागणार."

मधला माणूस कोण, यावर आम्ही दोघा वकिलांनी बारामती-इंदापुरातले सगळे निवृत्त मुख्याध्यापक, मामलेदार आणि सभ्य गृहस्थ एकेक करून उभे केले आणि एकेक करून पाडले. बाईला निरोप गेला. तिचं उत्तर आलं ते ऐकून मी खुर्चीतून पडलोच असतो, खुर्चीला हात होते म्हणून वाचलो.

"मधी त्याची बायकू बसू दे."

कायद्यात लिहिलंय की समेट घडवणारा निःपक्षपाती असावा. सून निःपक्षपाती असते की नाही, याबद्दल कुठल्याही कोर्टाचा निकाल मला सापडला नाही. पण दोन्ही पक्ष कबूल असतील तर आमची काय हरकत? मुलगा तर खूशच झाला. घरचाच माणूस मधे म्हणजे आपलीच बाजू. बाईला मी एकटीला गाठून विचारलं, असं का?

"तिला समजंल," एवढंच ती म्हणाली.

विहिरीच्या काठावर लिंबाखाली बसलो. इकडे तात्या आणि मुलगा, तिकडे बाई, आम्ही दोघे वकील कडेला, आणि मधे ती सून. डोक्यावरून पदर, नजर खाली.  मुलगा आपलं तेच सांगत होता, थोरल्या आईला लागेल तेवढं पाणी देऊ, आजवर कधी नाही म्हटलंय का.

मग सून म्हणाली, "द्याचंच हाय तर ल्ह्यायला काय अडतंय?"

"ल्हिलं की त्ये तिच्या लेकीला जातंय."

"जाऊ द्या की. जिमीन तिची, तर पानी तिचं."

"आन उद्या जावयानं इकली म्हंजी?"

"इकत घेनाराचं. कोरडी जिमीन कोन घेतंय?"

"तुला काय कळतंय त्यातलं?" मुलगा वैतागला. "तू कुनाच्या बाजूची?"

तिनं मांडीवरच्या मुलीचं झबलं सारखं केलं. आवाज चढवला नाही. "मलाबी ही एकच हाय," ती म्हणाली. "उद्या तुमचं काय बरंवाईट झालं, तर मीबी कुनाच्या तरी दारात हुबी ऱ्हाऊन पानी मागायचं का? तेवढं सांगा. तुमी सांगाल तसं म्या ल्ह्यायला सांगते."

तात्यानं तोंड फिरवलं आणि पटक्याच्या शेवानं डोळे टिपले. मुलगा विहिरीकडे बघत राहिला. पाणी हलत नव्हतं.  

"ल्हिवा," तो म्हणाला.

आम्ही लिहायला लागलो. विहिरीचं निम्मं पाणी थोरल्या वाट्याच्या जमिनीला. जमीन ज्याची, त्याचं पाणी. मग तो मुलगा असो, मुलगी असो, विधवा असो की विकत घेणारा असो. वार पूर्वीचेच. पेटीच्या किल्ल्या दोन. सून म्हणाली, "आन मागावं लागनार न्हाय, आसं ल्ह्या."

"ते आलंच की त्यात," मी म्हटलं. "कायद्याच्या भाषेत त्याला वेगळा अर्थ नाही."

"ऱ्हाऊ द्या तरीबी."

राहू दिलं. माझ्या आयुष्यात मी शेकडो दस्त केले. असं निरर्थक वाक्य त्यातल्या एकाही दस्तात नाही, आणि एवढं पक्कंही नाही.

तात्यानं अंगठा दिला, बाईनं दिला, मुलानं सही केली, शेवटी सुनेनं, शाळेतल्यासारखी पूर्ण नाव लिहून. मुलानं दुसरी किल्ली काढून चुलतीच्या हातात ठेवली. मग तिच्या रानाकडे पाहिलं. मका जवळजवळ गेलेलाच होता, बुडखा तेवढा हिरवा.

"थोरल्या आई," तो म्हणाला, "मोटार लाव. आजच्या दिस समदं पानी तूच घे. मका वाचंल."

बाईनं किल्ली कनवटीला खोचली. "आज वार कुठला?"

"बेस्तरवार."

"मंग आज तुजी पाळी हाय."

"आगं, हाय, पर मीच दितोय न्हवं? तुजं रान बघ की."

"बघितलंय. कागदात बेस्तरवार तुजा हाय. लाव जा तुजी मोटार."

तो तिथंच उभा राहिला. बापाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं.  मग गेला आणि त्यानं मोटार लावली. पाइपानं आधी हवा ओकली, मग गढूळ पाणी, मग नितळ. ते उसाच्या सरीत धावत सुटलं.

आम्हाला एस्टी गाठायची होती. रस्त्याला लागून मी मागं पाहिलं, तेव्हा बाई आपल्या बांधावर बसली होती. पाठीमागं वाळता मका, पुढं दुसऱ्याच्या उसात जाणारं पाणी. तात्या थोड्या अंतरावर येऊन टेकला होता.  ती सोमवारची वाट बघत बसली होती, आणि तिला कसली घाई दिसत नव्हती.